छातीएवढा दांडा

कालिंबे, देडझा
३ नोव्हेंबर १९८८

लेस्टनदादा,

माझ्या लग्नात तू दिलेला पलंग वाकडा आहे. इतकी वर्षं मी हे मनात ठेवलं होतं, पण आता कंबरच बोलायला लागली म्हणून लिहिते.

परवा शेतात वरंबे ओढत होते. सकाळपासून वाकलेली. ऊन डोक्यावर आलं तशी घरी जावं म्हणून उठायला गेले, तर उठवेचना. कंबरेत असं काही धरलं की बस. शेवटी तशीच, नाक मातीकडे करून, घराकडे निघाले. वाटेत गावप्रमुख भेटले. त्यांना वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. "काय गं एलुबे, काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांना वाटलं मी संकोच करतेय, म्हणून तेही वाकून शोधायला लागले. त्यांचं बघून विहिरीवरून येणाऱ्या चार बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि त्याही शोधायला लागल्या. एकीला बटण सापडलं. "हेच का?" मी म्हटलं, "हो हो, हेच," आणि घेऊन घरी आले. बटण चांगलं आहे. मावुतोच्या शर्टाला लावलं.

आता रोज संध्याकाळी मावुतो माझ्या पाठीवर पाय देऊन चालतो. नवरा हलका मिळाला हे नशीब म्हणायचं. पण सकाळी पुन्हा तेच. खांदे दुखतात, मनगटं दुखतात, कंबर तर विचारू नकोस. आई म्हणते, आपल्या घराण्यातल्या सगळ्या बायका म्हातारपणी वाकतात, तू जरा लवकर सुरुवात केलीस एवढंच. दादा, मी एकतीस वर्षांची आहे! आई समोरच बसलीय. तिला वाचता येत नाही म्हणून लिहिते: ती स्वतः घडी घातल्यासारखी चालते आणि मला अक्कल शिकवते.

आई म्हणतेय लिही, की पलंग उत्तम आहे, हिलाच झोपता येत नाही.

काहीतरी औषध पाठव.

तुझी,
एलुबे


झोम्बा
११ नोव्हेंबर

एलुबे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पलंगाशी अडखळलो. तो पलंग मी गुण्याने कोपरा न् कोपरा मापून केलाय. वाकडी तुमच्या घराची जमीन आहे.

आता दुखण्याचं. मी डॉक्टर नाही, पण लाकूड मला कळतं. तुझ्या फावड्याचा दांडा किती? हातभर. म्हणजे त्याचं पातं मातीत घालायचं तर तुला कमरेतून दुमडावं लागतं. उजाडल्यापासून दुपारपर्यंत, वरंब्यामागून वरंबा. एखादी फळी मी तशी सहा तास वाकवून ठेवली तर तिलाही तडा जाईल, आणि ती तुझ्यासारखी कुरकुरही करणार नाही. यात पलंग कुठे आला?

मी तुला नवा दांडा केलाय. उभी राहिलीस की छातीपर्यंत येईल. मापासाठी तू समोर नव्हतीस म्हणून शेजारच्या धोब्याला उभं केलं. त्याची उंची तुझ्याएवढीच आहे. मिशी सोडली तर चेहराही बराचसा सारखा आहे. दांडा शनिवारच्या बसने कंडक्टरच्या हाती पाठवतोय.

माझं म्हणशील तर सगळं ठीक. पाठ थोडी धरते, पण ती इथल्या डोंगरावरच्या धुक्याने. सध्या शाळेच्या खुर्च्यांचं काम आहे. जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्यांत धरून रंधा मारतो, तेव्हा काही वाटत नाही. उठताना वाटतं. म्हणजे धुकंच.

लेस्टन


कालिंबे
२० नोव्हेंबर

दादा,

दांडा मिळाला. कंडक्टरने तो वाटभर बसमध्ये कोंबड्या हाकायला वापरला, पण शाबूत आहे.

आईने बघितला आणि विचारलं, "आंबे पाडायला का?" मी सांगितलं, फावड्याला लावायचा. आई इतकी हसली की तिला खोकला आला. मग गंभीर झाली. म्हणाली, "उभ्याने शेत करणारी बाई म्हणजे आळशी बाई. माझी आई वाकून करायची, तिची आई वाकून करायची. लोक काय म्हणतील, मातीला नमस्कार करायला हिची कंबर झुकत नाही?" ते ऐकून मी दांडा छपराला अडकवून ठेवला.

आता तुझं. दादा, तू सगळ्या जगासाठी खुर्च्या करतोस आणि स्वतः जमिनीवर बसतोस. टेबलं करून विकतोस आणि फळी पायाने धरतोस, माकडासारखी. दिवसभर असं मुडपून बसल्यावर पाठ धरणार नाही तर काय गाणं म्हणेल? माझ्या दांड्याचं तुला इतक्या लांबून दिसलं आणि तुझ्या बुडाखालची जमीन दिसली नाही? धुकं म्हणे! धुकं तर माझ्याकडेही येतं. स्वतःसाठी एक टेबल कर. कमरेएवढं. उभा राहून काम कर.

काल एक गोष्ट केली. आईला सांगू नकोस. मोठ्या वारुळामागे आपला तुकडा आहे ना, जो रस्त्यावरून दिसत नाही, तिथे मी लांब दांडा घेऊन गेले. पहिले चार वरंबे हसू येण्यासारखे झाले, सापाने काढल्यासारखे. पाचव्यापासून जमायला लागलं. दुपारी घरी आले, अंग दुखत होतं, पण दादा, मी सरळ चालत आले. गावप्रमुख भेटले. म्हणाले, "आज काही हरवलं नाही वाटतं?"

एलुबे


झोम्बा
२ डिसेंबर

एलुबे,

शाबास. वारुळामागे का होईना, सुरुवात झाली.

माकड म्हणालीस ते सोडून देतो. टेबलाचं म्हणशील तर मी ते केलं होतं. जाड पायांचं, मजबूत, माझ्या कमरेएवढं. पहिल्याच दिवशी एक मास्तर आले, त्यावर हात फिरवला आणि घेऊन गेले. दुसरं केलं. ते चर्चच्या लोकांनी नेलं. तिसऱ्याला मी मुद्दाम एक पाय वाकडा ठेवला, म्हणजे कुणाला आवडणार नाही. एक म्हातारी आली, म्हणाली, "माझ्या घराची जमीन अशीच उतरती आहे, हे बरोबर बसेल." आता तूच सांग. मी चांगला सुतार आहे यात माझा काय दोष?

पाठ उत्तम आहे. सकाळी मोजे घालताना थोडा त्रास होतो, म्हणून मोजे सोडले. मग बुटांच्या नाड्या बांधताना व्हायला लागला, म्हणून बूट सोडले. आता काहीच त्रास नाही.

लेस्टन


कालिंबे
१४ डिसेंबर

दादा,

घात झाला.

मावुतोचे मामा, काचिंग्वेमामा, आठवतात ना? माझे मामेसासरे, लग्नात त्यांच्या बाजूचे मध्यस्थ. मक्याच्या कणग्या विणतात, आणि स्वतःही कणगीसारखेच आहेत. ते गेल्या आठवड्यात अचानक पाहुणे आले. नेमके वारुळाच्या बाजूच्या पायवाटेने, जिथून कुणी येत नाही. मी लांब दांड्याने काम करत होते. ते झाडाखाली थांबले. थांबले ते थांबलेच. नंतर मावुतोला म्हणाले, "मी तासभर वाट बघितली, ही बाई काम सुरू कधी करते म्हणून. नुसती उभीच! आमच्या पोराचं आम्ही बुजगावण्याशी लग्न लावून दिलं का?"

मावुतो म्हणाला, "मामा, ती उभ्याने काम करते." मामा म्हणाले, "उभ्याने काम पोलीस करतात."

आता २८ तारखेला आंब्याखाली बैठक आहे. मामा म्हणतात, नवऱ्याने बायकोच्या गावी येऊन राहायचं ही रीत खरी, पण बायको आळशी निघाली असेल तर आम्ही आमचा मुलगा परत घेऊन जातो. मावुतोचं तोंड सुकलंय. परवा रात्रभर उसासे टाकत होता. मी विचारलं, "जाशील का रे?" तर म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाहीये." सरळ माणूस आहे, दादा. मला तो घालवायचा नाही. आणि दांडाही सोडायचा नाही. या एका महिन्यात मी माझ्या लेकराला पुन्हा उचलून कडेवर घ्यायला लागलेय.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण बकरीकडे बघून. "सांग तिला, चूल विझलीय."

माझ्या बाजूचा मध्यस्थ तू आहेस. तू यायलाच हवं. आणि एक लक्षात ठेव, आपण काही गुन्हा केलेला नाही. मामांसमोर ताठ उभा राहा. मान खाली घालायची नाही, कमरेतून झुकायचं तर अजिबातच नाही. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोल.

एलुबे


झोम्बा
१९ डिसेंबर

एलुबे,

येतोय. काळजी करू नकोस. खांबासारखा उभा राहीन.

शाळेच्या खुर्च्या २६ पर्यंत द्यायच्यात, त्या संपवून लगेच बस धरतो. बैठकीत काय बोलायचं ते पाठ केलंय. धोब्यासमोर बोलून दाखवलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

लेस्टन


कालिंबे
३० डिसेंबर

लेस्टन,

दादा लिहिणार नाही. रागावलेय.

काय हे? काय सांगितलं होतं मी तुला? बसमधून उतरलास तोच वाकून. मला वाटलं, पिशवी उचलतोयस. गावात शिरलास वाकून. आंब्याखाली काचिंग्वेमामा बसले होते, त्यांच्यासमोर गेलास आणि कपाळ त्यांच्या गुडघ्यांना लागेल इतका झुकलास. आणि तसाच राहिलास! मी मनात म्हणतेय, आता उठेल, आता उठेल. सगळं भाषण तू त्यांच्या चपलांना ऐकवलंस. "माझ्या बहिणीने काही चूक केलेली नाही" हे वाक्य त्या अवस्थेत कसं ऐकू येतं माहितीये? चोराने "मी चोरी केली नाही" म्हणत चोरलेली कोंबडी पुढे करावी तसं!

मामांना तर भरून आलं. म्हणाले, "सत्तर वर्षांत मला इतका मान कुणी दिला नाही." मग तुझा मान राखायला तेही उठून झुकले. ते झुकले म्हणून गावप्रमुख झुकले. मग सगळे पुरुष. अर्धा तास आंब्याखाली नुसत्या पाठी दिसत होत्या. कोण बोलतंय तेच कळेना. एक बकरी मधून चालत गेली.

आणि शेवटी काय? त्यांनी मला माफ केलं. माफ! जे केलंच नाही त्याची माफी! माफीची कोंबडी कापली, सगळ्यांनी मक्याच्या पिठाच्या न्सिमाबरोबर खाल्ली, आणि मी उद्यापासून आखूड दांडा धरायचा असं ठरलं. मी तोंड उघडलं तर मामा म्हणाले, "बाळ, भावाचं बघून शीक."

मावुतो राहिला, हे एक बरं झालं. पण तू? जेवलास तोही वाकूनच, कुणाशी न बोलता. आणि संध्याकाळच्या बसला माझ्याकडे न बघता निघून गेलास. कंडक्टरने तुला ढकलून आत घातलं, एखादं सामान घालावं तसं. इतकी कसली लाज वाटत होती तुला माझी?

कालपासून आखूड दांडा सुरू आहे. आज पुन्हा नाक मातीकडे.

एलुबे


झोम्बा
९ जानेवारी १९८९

एलुबे,

तुझी लाज? बाई गं, मी मान झुकवलीच नव्हती. माझी कंबर अडकली होती.

आता सगळं सांगतो. २६ तारखेला शेवटच्या खुर्चीला रंधा मारत होतो, नेहमीसारखा, जमिनीवर, फळी अंगठ्यांत. उठायला गेलो आणि पाठीत कट्ट झालं. मला वाटलं, खुर्ची मोडली. खुर्ची ठीक होती. तसाच बसमध्ये चढलो. एका मुलीने "आजोबा, बसा" म्हणून जागा दिली. अडतिसाव्या वर्षी! म्हटलं, पोचेपर्यंत सुटेल. सुटलं नाही. मामांसमोर नमस्कारापुरतं थोडंसं झुकलो आणि जे काही उरलंसुरलं होतं तेही अडकलं. तुझ्याकडे बघितलं नाही म्हणतेस? माझी नजर तुझ्या गुडघ्यांच्या वर जातच नव्हती. तुझ्या पायाला कापलंय, ते बघितलं मी. पट्टी बांध.

तेव्हाच का सांगितलं नाही? कारण दीड महिना तुला धुकं, धुकं म्हणून लिहीत होतो. शिवाय "खांबासारखा उभा राहीन" असं लिहून आलो होतो. कुठल्या तोंडाने सांगणार?

परत आल्यावर धोब्याने हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई इवल्याशा, चष्मा लावलेल्या. त्यांनी पाठ चाचपली आणि विचारलं, "काम काय करता?" "खुर्च्या." "बसता कुठे?" "जमिनीवर." त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, हसत होत्या. म्हणाल्या, हाड मोडलेलं नाही. रोज तासन् तास एकाच तऱ्हेने मुडपून जोर लावला की स्नायू आणि सांधे थकतात, मग एक दिवस संप करतात. थोडं थोडं चालत राहा, अधूनमधून उठा, अंग मोकळं करा, आणि काम कमरेच्या उंचीवर आणा. मी म्हटलं, "माझी बहीण नोव्हेंबरपासून हेच सांगतेय." बाई म्हणाल्या, "मग माझ्याकडे कशाला आलात?"

टेबल केलंय. जमिनीत पुरलंय, चारही पाय. आता नेऊन दाखवा म्हणावं. परवा एकजण फावडं घेऊन आला होता.

मामांनाही आज वेगळं पत्र टाकलंय. त्यात सगळं खरं लिहिलंय, धुक्यासकट. माझ्या दुखण्यापायी तुला शिक्षा झाली, हे मला सहन होत नाही. त्यांना राग आला तर येऊ दे. पुन्हा बैठक घ्यायची म्हणाले तर पुन्हा येतो, आणि या वेळी उभा राहून बोलतो.

दादा


काचिंग्वे यांच्या घरून
२१ जानेवारी १९८९

लेस्टन यांना,

तुमचं पत्र मिळालं. मुलाकडून वाचून घेतलं. पहिल्यांदा राग आला. सत्तर वर्षांत एकदा मान मिळाला होता, तोही आजारपण निघाला.

पण मग बायको म्हणाली, "आता तुम्हीही खरं सांगून टाका." म्हणून सांगतो. त्या दिवशी तुमचा मान राखायला मी वाकलो. तुम्ही उठेनात. मनात म्हटलं, हा उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. मग उठायला गेलो तर मलाही उठता येईना. सगळ्यांना वाटलं, दोन घराण्यांत केवढा हा आदर. घरी आलो तोही तसाच. बायकोने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "पुरे झाला आदर, आता जेवायला बसा."

चाळीस वर्षं मी कणग्या विणतोय. उकिडवं बसून. गुडघे सकाळी दार उघडल्यासारखे वाजतात. मला वाटायचं, हे शेजाऱ्याने काहीतरी केलंय. त्या शेजाऱ्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही. काल जाऊन बोललो. तो म्हणाला, त्यालाही वाटायचं मी काहीतरी केलंय. तो दगड फोडतो.

तुमच्या बहिणीला दिलेली माफी मी परत घेत आहे. जिथे चूक नव्हती तिथे माफी ठेवून काय करायचं? रविवारी गावात येऊन सगळ्यांसमोर परत घेईन. कोंबडी मात्र परत करता येणार नाही.

सोबत दोरी पाठवतोय. गाठ मारली आहे तिथपर्यंत माझ्या बायकोची छाती येते. त्या मापाचा एक दांडा हवा.

काचिंग्वे


कालिंबे
१२ फेब्रुवारी

दादा,

मामा आले होते. आंब्याखाली उभे राहून मोठ्याने म्हणाले, "मी माझी माफी परत घेतो." मागे बसलेल्यांना अर्धंच ऐकू गेलं. त्यांना वाटलं, मावुतोला नेणार. मावुतो धावत जाऊन घरात लपला. आम्ही त्याला बाहेर काढेपर्यंत सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. त्याने मामांसमोर आयुष्यात पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं. म्हणाला, "मी इथेच राहणार आहे." मामा म्हणाले, "अरे, राहा की!"

आता मक्याला मातीची भर लावायचं काम चाललंय. मी लांब दांड्याने लावते, रस्त्याकडेच्या शेतात, सगळ्यांना दिसेल अशी.

पण मला आईचं सांगायचंय. परवा सकाळी ती शेतात आली. बकरीला नाही, मला म्हणाली, "दे इकडे." लांब दांडा घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या आधाराने उभं राहायला बघितलं. मी बघत होते, दादा. ती जोर लावत होती. खांदे थोडे वर आले. तेवढेच. मग तिने दांडा माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "माझी घडी आता उलगडायची नाही." हसून म्हणाली, पण मला हसता येईना.

मला वाटलं, आता घरी जाऊन रडेल. ती कुठली! दुसऱ्या दिवसापासून उजाडताच शेताच्या वाटेवर दगडावर बसते. जी पोर फावडं घेऊन जाईल तिला थांबवते. "उभी राहा. दांडा शेजारी धर. छातीला लागतो का?" नाही लागला तर फावडंच काढून घेते. आमच्या अंगणात आत्तापर्यंत नऊ फावडी पडलीत. पोरींचे नवरे माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. गावप्रमुखांच्या सुनेचंही फावडं घेतलंय, आणि गावप्रमुख ते मागायला यायला घाबरतात. तेव्हा दांडे लवकर पाठव, नाहीतर या गावात यंदा मका उभा राहायचा नाही.

आज कामावर असताना ती माझ्या शेतात येऊन बसली. मी म्हटलं, "आई, उन्हात कशाला?" ती म्हणाली, "तू तुझं काम कर." थोड्या वेळाने बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती, मान वर करून तिला बघताही येत नाही. ती समोरच्या मातीकडे बघत होती. माझी सावली पडली होती तिथे, सकाळची, लांबलचक.

"सरळ आहेस," ती म्हणाली. "दिसतेय मला."

एलुबे